दुसऱ्याने लिहिलेला क्लास आणि आपली मार्कलिस्ट

गेल्या पालक सभेत आम्ही सांगितले की मुलांनी कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टात दुसऱ्यांनी लिहिलेले क्लास वापरले आहेत. मागच्या रांगेतून एका पालकांनी लगेच विचारले, "कोणाचे क्लास? इथले की गोंदियाचे?" सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आपल्याकडे क्लास म्हणजे शिकवणी, नाहीतर रेल्वेचा डबा. आमचे स्वतःचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि कॉलेजात असेपर्यंत आम्ही कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे हा शब्द आम्हालाही मुलांकडूनच समजून घ्यावा लागला. जसा समजला तसा सांगतो.

प्रोग्राम लिहिताना एखाद्या गोष्टीची माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकत्र बांधून जो साचा तयार करतात त्याला क्लास म्हणतात. नॉर्वेतील डाल आणि नायगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली, तिच्यातून हा शब्द आला. उदाहरणार्थ, तारखेचा क्लास. त्यात दिवस, महिना, वर्ष तर असतेच, शिवाय दोन तारखांमध्ये किती दिवस गेले, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हेही त्याला ठाऊक असते. असा साचा एकाने चांगला करून ठेवला की जगभर हजारो लोक तो उचलतात आणि आपल्या कामाला लावतात. आत काय लिहिले आहे ते पाहण्याची गरज सहसा पडत नाही.

आता झालेला प्रकार. तो काहींना अर्धवट ठाऊक आहे, म्हणून सगळाच सांगतो.

अर्धवार्षिक परीक्षेनंतर बारावीच्या चार विद्यार्थ्यांनी शाळेची मार्कलिस्ट तयार करणारा प्रोग्राम पायथन भाषेत लिहिला. आमच्या शिक्षकांनी त्यांना एक गोष्ट आधीच शिकवली होती. कॉम्प्युटर साध्या दशांश अपूर्णांकांत थोडा चुकतो. ०.१ आणि ०.२ मिळवले तर तो ०.३ च्या पुढे बरीच शून्ये मांडून शेवटी एक ४ दाखवतो. गुण किंवा पैसे असतील तिथे हे चालणार नाही. म्हणून मुलांनी पायथनबरोबर येणारा डेसिमल नावाचा क्लास घेतला. अर्जेंटिनाच्या फाकुंदो बतिस्ता यांनी २००३ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला होता, अनेकांनी मिळून तो लिहिला आणि २००४ पासून तो पायथनमध्ये आहे. मुलांची निवड योग्य होती, हे आम्ही आजही म्हणतो.

यादी सूचना फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी नववीतील एक मुलगी आईला घेऊन आमच्या खोलीत आली. गणितात तिला ३२ गुण दाखवले होते आणि उत्तीर्ण व्हायला ३३ लागतात. मुलगी रडत नव्हती, हे आम्हाला विशेष वाटले. ती म्हणाली, "सर, माझे एका पेपरात ३१ आणि दुसऱ्यात ३४ आहेत. बेरीज ६५. त्याचे अर्धे साडेबत्तीस. शाळा अर्ध्याचा पुरा करते ना?"

करते. वर्षानुवर्षे करत आली आहे. आम्ही बाबूजींना जुने रजिस्टर काढायला लावले आणि हाताने हिशेब केला, तर तिथे ३३. मग ज्यांचे गुण अर्ध्यावर आले होते अशी सगळी नावे तपासली. ३३.५ चे ३४ झाले होते, ४१.५ चे ४२ झाले होते, दोन्ही बरोबर. पण ३२.५ चे ३२ आणि ४६.५ चे ४६. म्हणजे निम्मी बरोबर आणि निम्मी चूक, आणि म्हणूनच वरवर पाहणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही. कुणी नापास झाले नसते तर कदाचित वर्षभर आले नसते.

कारण शोधायला मुलांना अर्धा तासही लागला नाही. डेसिमल क्लासला वेगळे काही सांगितले नाही, तर तो बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो. साडेबत्तीस बत्तीसकडे, साडेतेहतीस चौतीसकडे. यात वेडेपणा काही नाही. दर वेळी वरच नेत गेलो तर हजारो रकमांच्या बेरजेत एकूण आकडा हळूहळू फुगतो. सम संख्येकडे नेले तर काही वर जातात, काही खाली, आणि तोल राहतो. मोठ्या हिशेबांत ही पद्धत मान्य आहे. क्लासच्या माहितीपत्रकात ती स्पष्ट लिहिलेली आहे, आणि शाळेसारखी पद्धत हवी असेल तर काय सांगायचे तेही तिथेच दिले आहे. क्लासने दिलेला शब्द पाळला. आम्ही तो वाचला नव्हता.

आमच्या शिक्षकांचीही यात एक अडचण झाली. पायथनच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत साधे राउंड हे फंक्शन साडेबत्तीसचे तेहतीस करत असे. डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तेही सम संख्येकडे नेऊ लागले. शिक्षक शिकले जुन्यावर, शिकवतात नव्यावर. आम्ही त्यांना दोष देत नाही. यादीवर सही आमची होती.

यानंतर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी सूचना मांडली की यापुढे मुलांना बाहेरचा तयार क्लास वापरायला बंदी करावी. जे लिहायचे ते त्यांनी स्वतः लिहावे. तयार माल आणून बक्षीस मिळवणे ही एक प्रकारची नक्कलच, असे त्यांचे म्हणणे. काही पालकांचेही तसेच मत आहे. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. तरी आम्ही या सूचनेच्या विरोधात आहोत.

एक तर, सगळे स्वतः लिहायचे म्हटले तर थांबायचे कुठे? मुलगा यादीवर मराठी नावे छापतो, ती अक्षरे त्याने काढलेली नाहीत. विंडोज २००० पासून घरोघरी पोहोचलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला. आपल्यापैकी कितीजणांनी त्या अक्षरांत शाळेला अर्ज लिहिले असतील! पायथनला देवनागरी अंकांत ३३ लिहून दिले तरी तो त्याची संख्या बरोबर करून घेतो. कुणीतरी दूर बसून आपल्या अंकांची आठवण ठेवली म्हणूनच ना? त्याच पायथनला रकमेत स्वल्पविराम घालायला सांगितले की तो सव्वा लाखाचे १२५,००० करतो, कारण सरळ सांगितले तर त्याला लाख-कोटींची रीत माहीत नाही. आमच्या कोषाध्यक्षांनी फीच्या तक्त्यावर हे बरोबर पकडले होते. दुसऱ्याच्या कामात एका ठिकाणी आपला विचार केलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी नसतो. कुठे आहे आणि कुठे नाही, हे वापरणाऱ्याने पाहायचे.

दुसरे असे की चौदा-पंधरा वर्षांचे, फार तर सतरा वर्षांचे मूल दशांशाचा क्लास स्वतः लिहील, तर त्यात आज सापडली त्याहून दहापट चुका असतील. डेसिमल वीस वर्षांहून अधिक काळ असंख्य लोकांच्या हाताखालून गेला आहे.

आपल्या घरांत हे नवे नाही. कालनिर्णय १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केले, आणि बालाघाटातही अनेक मराठी घरांत ते भिंतीवर असते. तिथी कुणी घरी मांडत नाही, दुसऱ्याने केलेले गणित आपण विश्वासाने घेतो. पण संकष्टीला? मुंबई आणि आपले गाव यांच्या रेखांशांत सुमारे सात अंशांचे अंतर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे आपल्याकडे चंद्र मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी उगवतो. मुंबईची वेळ धरून बसले तर चंद्र वर आलेला असतो आणि घरचे उपाशी. म्हणून आमच्या आई वेळ कोणत्या गावची दिली आहे ते आधी पाहत आणि नागपूरची मिळाली तर ती घेत, कारण नागपूर आपल्यापासून जेमतेम एक अंश पश्चिमेला. गणित करणाऱ्याची चूक नाही आणि पंचांग फेकून देण्याचा विचार तर कुणाच्या मनातही येत नाही.

हे न पाहिल्यामुळे आमच्याहून फार मोठ्या लोकांचेही नुकसान झालेले आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रामचा एक भाग आधीच्या एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटवर तो उत्तम चालला होता. नवे रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेग घेत असे, आणि तो आकडा ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या मावणाऱ्या जागेत बसला नाही. त्याहून वाईट म्हणजे उड्डाणानंतर नव्या रॉकेटला त्या भागाची गरजच नव्हती. त्यानंतर जगाने जुने प्रोग्राम वापरणे सोडले नाही. कोणत्या अटींवर वापरतो ते लिहून ठेवण्याकडे मात्र अधिक लक्ष गेले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा भाषेतील प्रोग्रामसंचात मोठा दोष उघड झाला, तेव्हा कित्येक ठिकाणी पहिले काही दिवस आपल्याकडे तो आहे की नाही हे शोधण्यातच गेले. कुणी नोंद ठेवली नव्हती.

आम्ही शाळेत काय केले ते सांगतो. त्याच चार मुलांनी डेसिमलच्या भोवती स्वतःचा एक छोटा क्लास लिहिला. पायथनमध्ये नावे देवनागरीत देता येतात, म्हणून त्याचे नाव त्यांनी 'गुण' ठेवले आणि ते ठेवताना त्यांना फार मजा वाटली. जेमतेम नऊ ओळी. आकडेमोड डेसिमलच करतो, पण अर्ध्याचा पुरा करण्याचा आमच्या शाळेचा नियम त्या नऊ ओळींत एकाच जागी लिहिलेला आहे. उद्या मंडळाने नियम बदलला तर एकच ओळ बदलावी लागेल. प्रोजेक्टच्या वहीत आता पहिल्या पानावर दुसऱ्यांचे कोणते क्लास घेतले, कोणत्या आवृत्तीचे, आणि सीमेवरचे कोणते आकडे घालून पाहिले, हे लिहावे लागते. तोंडी परीक्षेत आम्ही स्वतः बसतो आणि तेवढेच विचारतो. पहिल्या दिवशी सातपैकी तिघांना सांगता आले. ज्यांना आले नाही त्यांत एक मुलगा असा निघाला की त्याने सगळा प्रोग्राम स्वतः लिहिला होता, एकही बाहेरचा क्लास नाही. पण साडेबत्तीसचे काय होईल हे त्याने कधी करून पाहिलेच नव्हते.

यादीत दुरुस्ती दुसऱ्या सकाळी लागली आणि ज्या मुलांचे गुण कमी दाखवले गेले होते त्यांच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. नववीतल्या त्या मुलीच्या आईने चहा दिला आणि एकच विचारले, की मुलीने हिशेब केला नसता तर? आमच्याकडे उत्तर नव्हते.

बंदीच्या सूचनेवर पुढच्या बैठकीत मत घेतले जाणार आहे. विश्वस्त मंडळींनी त्याआधी एकदा संगणक कक्षात येऊन मुलांकडून तो नऊ ओळींचा क्लास समजून घ्यावा, ही विनंती. पालकांसाठी एवढेच की वार्षिक परीक्षेची यादी या वेळी दोन दिवस उशिरा लागेल, कारण ३० ते ३५ च्या दरम्यानचे सगळे गुण बाबूजी रजिस्टरवर हाताने ताडून पाहणार आहेत. उशिराची तक्रार वर्गशिक्षकांकडे न करता सरळ आमच्याकडे करावी.