फाशीचा दोर आणि न्यायाची चूक

कोठे भयंकर गुन्हा घडला की गावोगाव मोर्चे निघतात, बाजारपेठा बंद राहतात आणि आरोपीस ताबडतोब फाशी द्यावी अशी मागणी होते. ह्या संतापामागील दुःख खरे असते. त्याचा उपहास करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु धरलेला मनुष्य हाच अपराधी होय हे ठरण्यापूर्वीच त्याच्यासाठी दोर वळावयास घेणे सुज्ञ समाजास शोभते काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. हा प्रश्न पुस्तकी नव्हे.

सन 2003 च्या जून महिन्यात महाराष्ट्रात एका रात्री शेतातील झोपडीवर हल्ला होऊन एकाच कुटुंबातील पाच जिवांची हत्या झाली व स्त्रियांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांस पकडले. सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांस फाशी सांगितली. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2009 रोजी पुन्हा सहाही जणांस फाशीच योग्य ठरविली. तीन पायऱ्यांची न्यायालये झाली. आता शंकेस जागा ती कोठली, असे कोणासही वाटले असते.

तथापि त्याच सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आपला निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांस निर्दोष सोडले. कारण काय? हल्ल्यातून वाचलेल्या, सर्व प्रकार डोळ्यांनी पाहिलेल्या स्त्रीने घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रांवरून चार निराळ्याच इसमांस ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देवविली व चुकार अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास राज्य सरकारास सांगितले. वाचकहो, 2009 नंतर दोन-तीन वर्षांत दोर ओढला गेला असता, तर 2019 चा निकाल कोणास वाचून दाखवावयाचा होता?

दुसरे उदाहरण आमच्या पुणे शहरातीलच आहे. सन 1994 मध्ये तेथे एका घरातील सात जणांचा खून झाला. त्या प्रकरणी एकास 1998 मध्ये फाशीची शिक्षा झाली व 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ठरविले की, गुन्ह्याच्या वेळी तो अवघा साडेबारा वर्षांचा होता. येथे अपराधाचा निर्णय फिरला नाही. पण बालकास फाशी देता येत नाही हा कायदा असूनही त्याचे खरे वय ठरण्यास अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ गेला. शाळेच्या पटावरील एक नोंद वेळेवर न पाहिल्याचा हा परिणाम!

आमचे कित्येक वाचक व्यापारी आहेत. खतावणीत चुकीची रक्कम पडली तर उलट नोंद करून हिशेब जुळविता येतो, हे त्यांस सांगावयास नको. तुरुंगातील मनुष्यास निदान दार उघडून बाहेर काढता येते. फासावर गेलेल्या मनुष्याची उलट नोंद कोणत्या वहीत करावयाची?

कोणी म्हणतील, मग बळी पडलेल्यांचा कैवार कोणी घ्यावा? आमचे उत्तर असे की, निरपराध्यास शिक्षा झाली की खरा अपराधी मोकळा सुटतो. त्या पाच जिवांस सोळा वर्षांनंतरही न्याय मिळाला नाही, तो दयेच्या अतिरेकामुळे नव्हे, तपासाच्या हयगयीमुळे.

ही गोष्ट आम्हांस दूरची नाही. कोऱ्हाळे बुद्रुकच्या आसपास नीरेच्या कालव्यावर ऊस पिकतो आणि सोमेश्वरच्या गळीत हंगामात परजिल्ह्यांतील तोडणीवाल्यांच्या कोपी शिवारात उभ्या राहतात. चोरी वा मारामारी झाली तर पहिला संशय कोणावर जातो? ज्याचा गावात जामीन राहणारा कोणी नाही, त्याच्यावरच. सन 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. मनातील कायदा मात्र अद्यापि रद्द झालेला नाही. असा मनुष्य बारामतीच्या न्यायालयात उभा राहतो तेव्हा त्याच्या बाजूस वकील कोण व कसा आहे, ह्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

राज्यघटनेच्या 39-अ कलमाने व 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील मनुष्यास मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तो वकील अनुभवी असावा व अटकेच्या दिवसापासून असावा, केवळ नावापुरता नसावा. पोलिसांनी आरोपीस अनुकूल असलेला पुरावाही न्यायालयापुढे ठेवावा. चुकीने तुरुंगात गेलेल्यांस भरपाई देण्यासंबंधी विधी आयोगाने 2018 मध्ये अहवाल दिला आहे. त्यास अनुसरून कायदा व्हावा. आणि सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात फाशी ‘विरळातील विरळ’ प्रकरणी द्यावी असे म्हटले, त्यापुढे जाऊन ही शिक्षाच बंद करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या न्यायसंस्थेस आपली चूक कबूल करण्याचा मोठेपणा आहे, तिला ती चूक सुधारण्याची संधीही राखून ठेवलीच पाहिजे.

तोपर्यंत लोकांच्या हाती जे आहे ते त्यांनी करावे. पेठ बंद ठेवावयाची तर ती तपास नीट व्हावा म्हणून ठेवावी. अमुकास फाशी द्या म्हणून नव्हे. आरोपीचे वकीलपत्र घेणाऱ्यास वाळीत टाकू नये. आज जो परक्याच्या पोराचा वकील आहे, तोच उद्या आपल्या पोराचाही आधार आहे.