पाठीवरची सॅक आणि परिग्रह



आपल्या भागातल्या युवक मंडळाने थंडीत सांदण दरीला जायचं ठरवलं आहे. मुलांची नावं पटापट आली. मुलींच्या नावापुढे मात्र ‘घरी विचारून सांगते’. म्हणून हे लिहिते आहे.

सांदण दरी भंडारदरा परिसरात, साम्रद गावाजवळ आहे. तालुका अकोले, आपलं अकोला नव्हे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला पडलेली ती खोल, अरुंद चीर. खाली दगडधोंडे, मध्ये साचलेलं पाणी. तिथे चाकांची बॅग कामाची नाही. जे न्यायचं ते पाठीवर.

बायकांचा पहिला प्रश्न, धर्म कसा पाळणार? मला तर वाटतं, तिथे तो घरापेक्षा सोपा आहे. दरीत अंधार लवकर पडतो, म्हणजे दिवस असतानाच बाहेर पडायचं आणि सूर्यास्ताआधी जेवायचं. थंडीत पिठाची मर्यादा ७ दिवसांची, त्यामुळे ताज्या पिठाच्या दशम्या आणि खाकरे सोबत चालतात. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळलेल्याची २४ तास, हे पाठशाळेत पाठ केलंच आहे. दुपदरी गाळणं सॅकमध्ये ठेवा आणि पाणी मुलांनाच गाळू द्या. घरी आपण गाळून देतो, म्हणून ते व्रत आपलं राहतं, त्यांचं होत नाही.

दुसरं म्हणजे सॅक तुम्ही भरू नका. आपण डबे, चिवडा, जास्तीचे तीन स्वेटर कोंबतो. परिग्रह परिमाण हे अणुव्रत आपण पुस्तकात शिकवतो, पण तासभर चढल्यावर खांदा ते जास्त नीट शिकवतो. मी कॉमर्सची, मला हा हिशेब पटतो: प्रत्येक वस्तूची किंमत तिथे वजनात मोजावी लागते.

आणि मुली? आपल्या आर्यिका माताजी साडी, पिच्छी आणि कमंडलू एवढ्यावर गावोगाव पायी विहार करतात. विहारात आपणही चार-पाच किलोमीटर त्यांच्यासोबत चालतो, धन्य वाटतं. मग आपल्याच वीस वर्षांच्या लेकीला दोन दिवस चालायला ‘कशाला?’ का म्हणायचं? काळजी वाटते तर अटी घाला. सोबत दोन जाणत्या बायका हव्यात, साम्रदचा माहीतगार वाटाड्या हवा, जेवणात कांदा-लसूण-बटाटा नको हे आधीच सांगितलेलं असावं. आणि पावसाळ्यात दरीत पाऊल नाही, तिथे पाण्याचा लोंढा येतो. साधूसुद्धा जीवरक्षेसाठी चातुर्मासात एका जागी थांबतात.

पण या अटी मुलासाठीही तेवढ्याच घाला. मुलाला मोकळीक आणि मुलीला नकार, याला काळजी म्हणत नाहीत.

यादी अजून बंद झालेली नाही. लेकीने विचारलं तर आज होकार द्या.