कर्जतच्या शाळांना गाणे शिकवणारे गुरुजी द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, अहिल्यानगर
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, कर्जत
आणि तालुक्यातील शिक्षणसंस्थांचे सर्व चालक



१९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळे यांचा. परिपाठात ते म्हणावे असा आदेश शाळांना आला. पाठोपाठ ध्वनिफीतही आली. गाणे शिकवणारा माणूस मात्र आला नाही. त्यामुळे कितीतरी शाळांत सकाळी स्पीकर गातो आणि पोरे ओठ हलवतात. जिथे खरेच गातात तिथे बेंबीच्या देठापासून ओरडतात, कारण कोणत्या पट्टीत उचलायचे हे कुणी पाहिलेलेच नसते.

हा दोष गुरुजींचा नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि शंभराहून जास्त पट असेल तरच. वाड्यावस्त्यांवरच्या चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळा त्यात बसतच नाहीत. हायस्कुलात ‘कलाशिक्षक’ म्हणजे बहुतेक ठिकाणी चित्रकलेचे सर. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’मध्ये गायन-वादनाला जागा आहे, वेळापत्रकात तासही आहे. त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा होतो.

आणि हे कोणत्या तालुक्यात? कामिका एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो, तेव्हा टाळ-मृदंगाने गाव दणाणून जाते. राशीनच्या देवीपुढे संबळ वाजतो. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पखवाज आणि पेटी वाजवणारी माणसे आहेत. तालुक्यात वाजवणाऱ्यांची वाण नाही. त्यांच्यासाठी शाळेचे दार उघडणारा कागद तेवढा नाही.

म्हणून पहिली मागणी: शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक फिरता संगीत मार्गदर्शक द्या. त्याने दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शाळेत जावे. त्याला मानधन वेळेवर मिळावे. निवडताना विशारदचे प्रमाणपत्र जरूर पाहा, पण त्याला तिसरीच्या वर्गापुढे अर्धा तास उभे करूनही पाहा. उत्तम भजन गाणाऱ्याला तीस पोरे सांभाळता येतीलच असे नाही.

दुसरी मागणी: केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास गाण्याला द्या. आहेत त्याच गुरुजी-बाईंना चार गोष्टी शिकवल्या तरी मोठे काम होईल. मोबाइलवरचा तानपुरा लावून मुलांना झेपेल अशी पट्टी धरावी, गुरुजींच्या गळ्याला सोयीची नव्हे. आधी ऐकवावे, मग गुणगुणायला लावावे, शब्द शेवटी द्यावेत. ‘तुला गाता येत नाही, तू गप्प उभा राहा’ हे वाक्य शाळेतून हद्दपार करावे. आठवी-नववीत आवाज फुटलेल्या मुलांना गटातून काढू नये. त्यांना खालचे सूर किंवा खंजिरी, ढोलकी द्यावी.

पेटी नाही म्हणून अडू नका. टाळी आणि चिपळ्यांवर ताल शिकवता येतो. अर्ध्या वर्गाने सहा मात्रांचा दादरा आणि अर्ध्याने आठ मात्रांचा केरवा एकाच लयीत धरला, तर २४ मात्रा झाल्या की दोघे पुन्हा समेवर एकत्र येतात. सहा आणि आठचा लसावि पोरांच्या हातात येतो. गणिताचा राहिलेला धडा असाही भरून निघेल.

तिसरी मागणी: शिकवायची गाणी इथूनच घ्या. हंगेरीत झोल्तान कोदाय आणि बेला बार्टोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा केली. पुढे कोदाय यांनी शाळेतले संगीतशिक्षण त्याच गाण्यांवर उभे केले. वाद्याआधी गळा, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. कर्जतच्या आज्ज्यांच्याही ओठांवर ओव्या आहेत. पाचवीच्या मुलांनी आपल्या आजीच्या चार ओव्या लिहून आणाव्यात, आजीलाच वर्गात बोलावून चाल शिकावी. हलगीवाल्याला, गोंधळ्याला वर्षातून एकदा सन्मानाने बोलवावे आणि बिदागी द्यावी.

शेवटचे, स्नेहसंमेलनाबद्दल. स्पर्धेसाठी निवडलेली दहा पोरे म्हणजे शाळेचे संगीत नव्हे. दर महिन्याला एक गाणे, वर्षाला दहा, आणि ती प्रत्येक मुलाला पाठ. मोजायचेच असेल तर ढालींऐवजी हे मोजा.

दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. शिकवणी परवडणाऱ्या घरातली मुले ते घेतात. वस्तीवरच्या मुलीला सा कुठला हेच कुणी सांगितलेले नसते. हा फरक शाळाच मिटवू शकते.

सगळा तालुका एकदम नको. येत्या जूनपासून एकच केंद्र निवडा, एक मार्गदर्शक नेमा आणि मार्चमध्ये त्या केंद्रातल्या कोणत्याही शाळेत न सांगता परिपाठाला येऊन उभे राहा. स्पीकर बंद ठेवायला सांगा आणि ऐका. ठीक वाटले तर पुढच्या वर्षी दुसरे केंद्र घ्या.

आपला,
कर्जत तालुक्यातील एक पालक