न कोमेजणारी तोरणे

शरद ऋतू आला की घर फुलांनी सजवावे, हा संस्कार आमच्या समाजातून अद्याप पुसला गेलेला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हल्ली कोल्हापुरातील सुशिक्षितांच्या दारांकडे दृष्टी टाकली असता फुलांपेक्षा फुलांची सोंगेच अधिक दिसतात. प्लास्टिकचा झेंडू, कापडाची शेवंती, आणि कोठे कोठे तर विलायती मेपल वृक्षाची खोटी तांबडी पाने! या प्रकारास अभिरुची, काटकसर आणि सोय अशी तीन गोंडस नावे दिली जातात. त्या तिन्ही नावांचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम अभिरुची. इंग्लंड-अमेरिकेत शरद हा पानगळीचा काळ. तेथील गृहिणी तांबडी पाने व भोपळे घरात मांडते, कारण ती तिच्या अंगणातलीच असतात. तिचे अनुकरण करावयाचेच, तर तिने आपल्या अंगणाकडे पाहिले एवढ्याचेच करावे. आमच्याकडे पाने गळतात ती शिशिरात. आश्विनात पाऊस ओसरून आकाश निवळते आणि माळरान फुलते. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग शरदास दिला आहे, त्यात काश आहे, कमळे आहेत, पानगळीचा शोक नाही.

यावरून आम्ही केवळ स्वदेशीचा कैवार घेत आहो, असे मात्र कोणी समजू नये. ज्या झेंडूवाचून आमचा दसरा होत नाही, तो मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या काळी समुद्र ओलांडून तो इकडे आला. परंतु तो आमच्या मातीत रुजला. प्लास्टिकचे फूल कोणत्याच मातीत रुजत नाही, आणि कुजतही नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाली, तेव्हा आम्ही सर्वांनी तिचे स्वागत केले. पिशवीला दाराबाहेर घालविणाऱ्या गृहस्थांनी तोच पदार्थ फुलाच्या वेषात चौकटीवर बसवावा, यास काय म्हणावे?

आता काटकसर. ‘एकदा घेतले की पाच वर्षे पाहावयास नको,’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. पण वर्षास फुलांवर होणारा तो किरकोळ खर्च जातो कोठे? झेंडू लावणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी फुलावर येतो. म्हणून शेतकरी श्रावणातच दसऱ्याचा हिशेब मांडून रोप लावतो. परतीचा पाऊस लांबला तर फूल झाडावरच सडते, आणि सण टळला तर त्यास कोणी विचारीत नाही. दोन-तीन दिवसांच्या बाजारावर ज्याचा सारा हंगाम अवलंबून, त्याच्याच खिशातून आमची ही काटकसर निघते.

राहिली सोय. नोकरी करणाऱ्या गृहिणीस हार करण्यास वेळ नसतो, हे सर्वथैव खरे. परंतु सुई-दोरा हाती धरण्याचा मक्ता गृहिणीचाच, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? यजमानांनी व मुलांनी अर्धा तास बसावे! त्या अर्ध्या तासात मुलांस जे समजते, ते दुकानात विकत मिळत नाही. घटावर तिळाच्या, कारळ्याच्या फुलांची माळ चढते, कारण त्या वेळी रानात तीच फुललेली असतात. सूर्य हस्त नक्षत्रात आला की हादग्याच्या हत्तींना माळा पडतात. मुलींस फुले-फळे ओळखू येत ती त्यामुळेच. खरे तोरण चार दिवसांत सुकते, म्हणूनच ते सणाची वार्ता देते. बारा महिने लटकणारे तोरण कोणत्याच दिवशी काही सांगत नाही. त्यावर धूळ मात्र बसते.

खऱ्या फुलांच्या कैवाऱ्यांचे दोषही आम्ही झाकणार नाही. दसरा चौकात सीमोल्लंघनाचे सोने लुटण्याची प्रथा भूषणावह खरी. परंतु त्यासाठी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि आपटा पुरेना म्हणून कांचनाची पाने त्याच नावाने बाजारात येतात. सोने एका पानानेही देता येते. तसेच सुकलेला हार पंचगंगेस अर्पण करणे ही भक्ती नव्हे. त्याचे खत करून कुंडीस घालावे. परंतु हे दोष आमच्या वागणुकीचे आहेत, फुलांचे नव्हेत. ते सुधारण्यासाठी फूलच हद्दपार करण्याचे कारण नाही.

आमची मागणी मोठी नाही. अर्धा किलो झेंडू, आंब्याची दहा-वीस पाने आणि घरातील सर्वांचे हात, एवढ्यात दार सजते. येत्या दसऱ्यास आमच्या वाचकांनी माळ्यावरची ती अमर फुलांची पेटी उघडू नये, आणि नवी तर मुळीच विकत घेऊ नये.