डॅशबोर्डचा सत्कार नको



आज जरा भांडायचं आहे. भांडण घरातलंच आहे. पुतण्याशी फोनवर भांडायला लागलं की तो "तात्या, आवाज तुटतोय" म्हणतो आणि सुटतो. इथे लिहिलं की त्याला शेवटपर्यंत वाचावं लागेल. त्याची आईही वाचेल, ते वेगळंच.

पुतण्या इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या वर्षी त्याने १९६५ सालची एक एमजीबी घेतली. दोनच माणसांची, कापडी टपाची, जमिनीला टेकलेली गाडी. आमच्या देवगाव फाट्यावर उभी केली तर ट्रकवाल्याला खाली वाकून बघावं लागेल. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळची ऑक्सफर्डची. एमजीबी हे मॉडेल १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात बनत होतं, आणि पाच लाखांवर गाड्या तिथून बाहेर पडल्या. आपल्याकडे २०१९ पासून त्याच नावाच्या गाड्या विकतात. ते नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचं. आत बसलं की समोर टीव्ही.

आणि आमच्या चिरंजीवांना या साठ वर्षांच्या म्हातारीलाही टीव्ही बसवायचा आहे! रेडिओच्या जागी स्क्रीन, त्यासाठी पत्रा थोडा कापायचा, वरून अक्रोडाच्या लाकडाचा चकचकीत पातळ थर आणि घड्याळांना नवीन पांढऱ्या तबकड्या. याला तो 'रिस्टोरेशन' म्हणतो.

मी मराठी माध्यमाचा बी.ए. आहे. तरी 'रिस्टोर' म्हणजे होतं ते परत आणणं, एवढं इंग्रजी मलाही येतं. लाकूड नव्हतंच, तर परत काय आणतोस?

त्याचं म्हणणं, "तात्या, ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटलं की अक्रोड आलंच." कशावरून आलं? जग्वारच्या घरगुती गाड्यांना होतं, ट्रायम्फच्या टीआर-४ए ला होतं. एमजीबीला नव्हतं. तिचा डॅशबोर्ड साध्या पोलादी पत्र्याचा, त्यावर काळा सुरकुत्यांचा रंग. वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचा ओलाच राहतो, म्हणून तो रंग आकसतो आणि सायीसारख्या सुरकुत्या पडतात. उन्हात चमकून डोळ्यांत जात नाही, बोटांचे ठसे दिसत नाहीत. ती गाडी मध्यमवर्गीय तरुणाला परवडावी म्हणून केलेली होती, आणि तिचा चेहराही तसाच होता. पगारदार माणसाच्या फोटोला नंतर जरीचा फेटा रंगवून चढवावा, तसं हे अक्रोड आहे. मी निवृत्त झालो तेव्हा माझाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. फोटोत मी मला ओळखू येत नाही.

फाट्यावर एक जुने मिस्त्री आहेत. त्यांचं उभं आयुष्य ॲम्बॅसेडरखाली आडवं होऊन गेलं. मी त्यांना मोबाईलवर या गाडीच्या इंजिनाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "गुरुजी, हे तर आपल्या ॲम्बॅसेडरचं दिसतंय की!" खरंच आहे ते. आपल्या जुन्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली आहेत. इंग्लंडात त्या घराण्याला 'बी सिरीज' म्हणतात. मग डॅशबोर्डचा फोटो दाखवला आणि पुतण्याचा बेत सांगितला. मिस्त्री म्हणाले, "मीटर बदलू नका म्हणावं. मीटर गाडीचं असतं, दुकानाचं नसतं."

यात मोठं तत्त्वज्ञान नाही, साधं गणित आहे. या गाडीला स्मिथ्स कंपनीची घड्याळं. स्पीडोमीटरला मागून एक फिरती केबल येते. एका मैलाला ती केबल किती वेळा फिरते, तो आकडा तबकडीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. दुसऱ्या गाडीचं, वेगळ्या आकड्याचं मीटर आणून बसवलं तर काटा फिरेल, पण खोटं सांगेल. तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवणारं घड्याळ एकच, अर्धं-अर्धं वाटलेलं. त्यातली तापमानाची केसासारखी नळी थेट इंजिनापर्यंत जाते आणि ती सीलबंद असते. घाईत कापली की ते अर्धं घड्याळ मेलं. १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचा प्लस टोक गाडीच्या अंगाला जोडलेला, म्हणजे आजच्या बरोब्बर उलटा. तुझ्या स्क्रीनसाठी तो फिरवलास तर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या घड्याळाच्या आतल्या जोडण्याही बदलाव्या लागतील. एका टीव्हीपायी किती जणांच्या पोटात हात घालणार आहेस, बाबा?

"कायद्यात बसतं" हे त्याचं पुढचं हत्यार. बसतं, मान्य. तिकडे चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ आहे. अट एवढीच की गेल्या तीस वर्षांत मोठा फेरफार नको, आणि फेरफार म्हणजे चॅसिस, अ‍ॅक्सल, इंजिन वगैरे. आपल्याकडे २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले, नंबरात 'व्हीए' अक्षरं आली. गाडी मूळ स्वरूपात हवी असं तेही म्हणतात आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांची नावं घेतात. डॅशबोर्डचं नाव कोणीच घेत नाही. म्हणजे जो भाग चालवणाऱ्याने साठ वर्षं रोज डोळ्यांनी पाहिला आणि हातांनी चाचपला, तेवढाच वाऱ्यावर! चॅसिस कोण बघतं? मिस्त्री.

एक गोष्ट मात्र मी त्याची मान्य करतो. पोलादी पत्रा अपघातात कपाळमोक्ष करतो. अमेरिकेने १९६८ पासून सुरक्षेचे नियम लावले, तेव्हा तिकडे पाठवायच्या गाड्यांना कंपनीनेच जाड फुगीर गादीचा डॅशबोर्ड लावला. लोक थट्टेने त्याला 'ॲबिंग्डनची उशी' म्हणायचे. जिवासाठी केलेल्या बदलावर माझा आक्षेप नाही. पट्टे चांगले लाव, दिवे चांगले लाव. पण अक्रोडाने कोणाचं कपाळ वाचत नाही.

आता खरं ते सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

तुझ्या हॉलमध्ये लंबकाचं घड्याळ आहे ना? तू पाहुण्यांना 'आमच्या आजोबांचं घड्याळ' म्हणून दाखवतोस. त्याची तबकडी आजोबांची नाही. १९७८ साली माझ्या हातात थकबाकीचे पैसे एकदम आले. तबकडी पिवळी पडली होती, कडेला फुगली होती. मी हौसेने सेलूला नेऊन नवी कोरी बसवून आणली. जुनी तिथेच टाकून आलो.

तुझी आजी शाळेत गेली नव्हती. तिला वेळ कळावी म्हणून बाबांनी त्या जुन्या तबकडीवर निळ्या शाईचे दोन ठिपके दिले होते. छोटा काटा पहिल्या ठिपक्यावर आला की पोरं शाळेला धाडायची, दुसऱ्यावर आला की बाबांची भाकरी. मला ते ठिपके माहीत होते रे, पण ते डागासारखे दिसायचे. नवी तबकडी पाहून आई "छान आहे" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या पोरीला हाक मारून वेळ विचारू लागली. तुझे वडील माझ्यापेक्षा लहान. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. सायकल काढून सेलूला गेले, दुकानामागचा कचरा उपसून रिकाम्या हाताने परत आले. त्यानंतर त्यांनी त्या घड्याळाला कधी चावी दिली नाही. हे त्यांनी तुला सांगितलेलं नसणार. सांगणारा माणूसच नव्हता तो.

तुझ्या फोटोत मला दिसलं, किल्लीच्या भोकाखालचा रंग गेलाय. किल्लीचा जुडगा तिथे घासत राहिला असणार. आणि पलीकडच्या कप्प्याच्या झाकणाच्या आतून कोणीतरी पेन्सिलीने मैलांचे आकडे लिहून ठेवलेत, एकाखाली एक. तू म्हणालास की गाडी एका म्हाताऱ्याच्या घरच्यांकडून घेतली. तेलबदलाची नोंद ठेवत असेल तो. मी हजेरीपट लिहिणारा माणूस, मला ते अक्षर लगेच ओळखीचं वाटलं. ते झाकण तू 'घासून साफ' करणार आहेस म्हणे.

"पाच लाख गाड्या निघाल्या तात्या, एकीने काय होतं?" घड्याळंही लाखोंनी निघाली होती.

काय करायचं तेही सांगतो, नुसता विरोध करणारा म्हातारा नको व्हायला. गंज लागला असेल तिथेच घासायचा, प्रायमर द्यायचा. सुरकुत्यांच्या रंगाचा डबा तिकडे मिळतो. जाड थर आडवे-उभे द्यायचे आणि ऊब द्यायची, सुरकुत्या आपोआप उमटतात. आधी टाकाऊ पत्र्यावर करून बघ, पहिल्या वेळी बिघडतंच. घड्याळाची काच धुतलीस तर हरकत नाही, पण तबकडीला पाणी लावू नकोस, छापलेले आकडे निघून येतात. कोरडा मऊ ब्रश पुरे. काट्याचा रंग उडालाय तो उडालेला राहू दे. वायरी बदलाव्या लागल्याच तर रंग तेच ठेव, तपकिरी बॅटरीकडची, काळी अर्थची. पुढच्या माणसाला कळायला हवं. आणि नकाशा बघायला तुझ्या खिशात फोन आहे की.

लाकडाचे पैसे वाचले तर आईला विमानाचं तिकीट काढ.

हे लिहून होईपर्यंत संध्याकाळ झाली. मघाशी दुधाला गेलो तेव्हा मिस्त्रींनी रस्त्यापलीकडून विचारलं, "कापला का गुरुजी, पत्रा?" मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, "मग लवकर फोन लावा की."

लावला. उचलत नाहीये.