ध्वनीनें पाणी काढण्याविषयीं

पावसाळा लागला कीं अमरावतीहून चिखलदऱ्यास सहली निघूं लागतात, आणि अकोल्याच्या रस्त्यांवरून शाळेंत येणारीं मुलें चिंब होतात. त्यांबरोबर खिशांतील फोनहि भिजतो व त्याचा आवाज घोगरा येऊं लागतो. मग कोणी सांगतें, "अमुक ध्वनि लावा, पाणी आपोआप बाहेर पडेल." हें निव्वळ थोतांड होय, असें पुष्कळ वडीलधारीं माणसें म्हणतात. तें मला मान्य नाहीं. परंतु मुलांचा या उपायावरील आंधळा विश्वासहि मान्य नाहीं.

फोनच्या स्पीकरांत एक पातळ पडदा असतो. तो मागेंपुढें हालून हवेस धक्के देतो. स्पीकरच्या बारीक जाळींत अडकलेलें पाणी पृष्ठताणामुळें तेथेंच चिकटून राहतें. खर्जांतील स्वरांनीं पडदा अधिक मोठे हेलकावे घेतो व ते थेंब बाहेर फेंकले जातात. या कामीं दर सेकंदास सुमारें १६५ कंपनांचा स्वर बहुधा योजितात. पांढरी एक हा षड्ज धरिला तर प्रार्थनेच्या पेटीवर तो मंद्र सप्तकांतील शुद्ध गंधारापाशीं येतो. कंप पावणाऱ्या पत्र्यावर वाळूचे कण कसे नाचतात, हें क्लाद्नी नामक जर्मन शास्त्रज्ञानें १७८७ सालींच प्रसिद्ध केलें होतें. तबल्यावर चार दाणे टाकून थाप मारली तर तसलाच खेळ घरींहि दिसेल. ॲपल कंपनीनें २०१६ सालीं काढलेल्या मनगटी घड्याळांत ही युक्ति मुद्दाम बसविली. मग तिला थोतांड कसें म्हणावें?

पण ध्वनीची सत्ता त्या जाळीपुरतीच चालते. चार्जरच्या खांचेंत अथवा आंतील यंत्रांत शिरलेलें पाणी त्यानें हालत नाहीं. चहा सांडला असेल तर साखर मागें राहतेच. फोन बादलींत बुडाला असतां तो प्रथम बंद करावयाचा; तो चालू ठेवून स्वर वाजवीत बसणें म्हणजे ओल्या यंत्रांत वीज खेळविणें होय. शिवाय एक स्वर वाजविण्यासाठीं एखादें ॲप आपल्या ओळखीच्या माणसांचे क्रमांक मागूं लागलें, तर तें तत्काळ काढून टाकावें. स्वराला क्रमांक कशाला हवेत?

तांदुळांच्या डब्याचा उपायहि सोडावा. दाण्यांचे बारीक कण फोनास अपाय करूं शकतात, असें त्याच कंपनीनें कळविल्याची वार्ता २०२४ सालीं सर्वत्र आली होती. तांदुळांच्या जागीं ज्वारी घेतल्यानें कांहीं निराळें होईल असें नाहीं.

पालकांस मात्र एक विनंती आहे. कित्येक घरांत एकच फोन असतो. त्यावरच बँकेचा व्यवहार, बाजारभाव आणि मुलांचा अभ्यास चालतो. तो भिजला म्हणून संताप येणें स्वाभाविक आहे. पण माराच्या भयानें मूल ओला फोन लपवितें आणि रात्रीं गुपचूप चार्जरला लावितें. त्यांत फोनची हानि तर आहेच, पण मुलाच्या जिवालाहि धोका आहे. तेव्हां आधीं त्याच्या हातून फोन घ्यावा, खांच खालीं करून तळहातावर हलकेंच आपटावा व वाऱ्याच्या कोरड्या जागीं ठेवावा. तो पुरता वाळेपर्यंत चार्जर लावूं नये. रागवावयाचें असेल तर तें नंतर.