घरकाम झालं, व्यायामाचं काय?

बचत गटाच्या बैठकीत मी व्यायामाचा विषय काढला, की उत्तर ठरलेलं: ‘ताई, दिवसभर राबतोच की! आणखी व्यायाम कशाला?’

पण २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात ५७ टक्के स्त्रियांची हालचाल पुरेशी नाही, पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के. यात घरकामही धरलेलं आहे, बरं का! ओट्यापाशी उभं राहून पाय दुखतात, पण दम लागत नाही. थकवा येतो, ताकद येत नाही.

ताकदीचा नियम साधा आहे. सवयीपेक्षा थोडा जास्त भार, मग विश्रांती, मग पुन्हा थोडा जास्त. आपल्या नांदेडची भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकते. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात तिच्या हाती तिरंगा होता. ते बळ एका दिवसात आलेलं नाही.

आपल्याला पदक नको, पण गुडघे तर धड हवेत! जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला हात टेकून जोर, एवढ्यापासून सुरुवात पुरे. राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

खरी अडचण वेळेची. सकाळचा चहा घरातल्या दुसऱ्या कुणी केला, तर अर्धा तास सहज निघतो. मैत्रिणींनो, तेवढं मागायला लाजू नका.